शेवटची बारा पानं

पाचशे प्रती. दोनशे पलंगाखाली,
उरलेल्या आईच्या कपाटात, तिच्या सुती शाली बाहेर काढून.
शाली कुठे ठेवू, आई म्हणाली.
मी म्हटलं, नव्या वर्षापर्यंत खपतील.
कुठल्या नव्या वर्षापर्यंत, ते तिनं विचारलं नाही.

छापखान्याचे आतो देम्सिस सल्ला फुकट देतात,
कागदाचे मात्र रोख घेतात.
मुखपृष्ठावर रडणारी बाई हवी होती, म्हणाले,
कुलूप कोण विकत घेतं?
माझी कादंबरी कुलूप दुरुस्त करणाऱ्याची. तिच्यात कोणी रडत नाही
पान एकशे चाळीसपर्यंत.
"बोलणाऱ्याचे हुलगे खपतात, बाई,
न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात."

मग बोलले.
पियासाच्या कॅफेंत बोलले, माकियातो थंड होईपर्यंत.
चुलतभावाच्या लग्नात नवरीच्या मावशीशी बोलले,
तिनं दोन प्रती घेतल्या, पैसे उद्या देते म्हणाली.
टेलिग्रामवर रोज एक वाक्य टाकलं.
वाक्याला चाळीस बदाम आले.
नवव्या दिवशी कोणीतरी कादंबरीच टाकायला घेतली तिथे,
एकेका पानाचा फोटो, अंगठ्यासकट.
साठाव्या पानावर थांबला. दमला की कंटाळला,
कळायला मार्ग नाही.
तो अंगठा मी बराच वेळ पाहत बसले.
इतकं घट्ट माझं पुस्तक कोणी धरलं नव्हतं.

गेतनेत अरात किलोच्या चौकात पुस्तकं फिरवतो,
हातांवर रास, कंबरेपासून वर,
हनुवटीनं दाबून धरलेली. बोलताना
त्याचा जबडा हलत नाही.
माझं त्यानं खालून तिसरं ठेवलं.
वर ठेव ना.
"वर खपणारी असतात."
मग हे खपणार कसं?
तो हसला असावा.

युक्ती वर्केनेशच्या सलूनमध्ये सुचली,
ड्रायरच्या टोपाखाली.
तासभर बाईला उठता येत नाही,
शेजारणीचं ऐकू येत नाही,
याहून चांगला वाचक देव देत नाही.
तीन प्रती सुतळीनं खुर्च्यांना बांधल्या
आणि प्रत्येकीतली शेवटची बारा पानं
ब्लेडनं कापून घेतली.
आत चिठ्ठी: पुढचं गेतनेतकडे, चौकात, औषधांच्या दुकानासमोर.
कापताना हात थरथरला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते.

पहिल्या आठवड्यात सात गेल्या.
दुसऱ्यात चार.
तिसऱ्यात एकही नाही, म्हणून केस धुवायला गेले.

अस्कालेच नावाची एक बाई, बँकेत फरशा पुसणारी,
टोपाखालून ओरडून सांगत होती
(टोपाखाली सगळ्याच ओरडतात)
की कुलूपवाला शेवटी दार उघडतच नाही.
चावी बसते, फिरते, खटका ऐकू येतो,
आणि तो हत्यारं गोळा करून
आतल्या माणसाला बाहेरूनच म्हणतो,
आता तुझं तू बघ.
नखं रंगवणारी मुलगी ब्रश धरून थांबली.
"पुस्तकात असंच आहे?"
"असणारच," अस्कालेच म्हणाली.
"एवढ्या खात्रीसाठी तीनशे बिर कोण मोडतं?"

माझ्या पुस्तकात दार उघडतं.
आत भाऊ असतो. मिठी. दोघं रडतात,
आतो देम्सिसना हवं होतं तसं,
आणि बराच वेळ रडतात.

डोक्याला फेस होता. बोलायला हवं होतं.
मी डोळे मिटून घेतले, साबण जाईल म्हणून.

रात्री आईनं विचारलं, किती राहिल्या?
चारशे चौऱ्याऐंशी.
आणि सगळ्यांचा शेवट चुकलाय, मी म्हटलं.
तिनं शालीची घडी मांडीवर ठेवली,
कपाटाकडे पाहिलं, बोटांनी काहीतरी मोजलं.
बारा-बारा पानं काढलीस, म्हणाली,
तर एखादी शाल मावेल.